कापसाची खोली

गुडीहत्नूरच्या स्टँडवर आदिलाबादच्या बसची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक काका आणि हैदराबादेत शिकणारी त्यांची पुतणी.

"तू तिथं शिकते तरी काय, दामिनी?"

"माणसं एकमेकायले वेगळं कसं काढतात, ते. वंश, जात, जमात."

"त्याच्यासाठी युनिव्हर्सिटी काऊन लागते?"

"लागते, काका. माही मैत्रीण सोमवारी येऊन राह्यली, आपल्या गावाचा अभ्यास कराले. आठ दिवस आपल्याच घरी राहील."

"राहू दे ना. पाहुणी म्हंजे देव. आडनाव काय तिचं?"

"आत्राम."

"गोंडाची हाय?"

"हो."

"बरं हाय. आपल्या गावात तसलं काही नाही, असं लिही म्हणा तिले. पहिलेपासून नाही."

"सांगते."

"झोपाले मात्र कापसाची खोली बरी. हवा खेळते."

"कापूस भरला हाय ना तिथं."

"काढू. आन् तिच्यासाठी ताट-गिलास नवे घेऊ, स्टीलचे. जाताना घेऊन जाईल, आठवण म्हणून."

"मांगं माही दुसरी मैत्रीण रंजीता आली होती, तिच्यासाठी नाही घेतले नवे."

"ते आपल्यातली होती."

"या मैत्रिणीच्या अभ्यासाच्या फॉर्मात पहिलाच प्रश्न हाय, काका. पाहुण्याले झोपाले कुठं देता? दुसरा ताटाचा."

"असं विचारतात?"

"विचारतात."

"मंग तो फॉर्म तूच भर ना. तुले घरातलं सगळं मालूम हाय. तिले काऊन तरास?"

"भरला, काका. आत्ताच भरला."