कुंकवाखालचं गाणं

बोरीची मंडळी, परभणीहून अन् हैदराबादेहून आलेले पाहुणे, आणि इथं पुढं घोंगडीवर बसलेल्या बुवांच्या बहीण सखुआक्का. एवढ्या उन्हात तुमी सगळे केरबाबुवांसाठी बसून हाव, हे त्यांनी बघायला पाहिजे होतं. मी मारोती घडीवाला. परभणीत ठेसनाच्या रस्त्याला माझं घड्याळं अन् भोंग्याचे फोनो दुरुस्त करायचं दुकान हाय. दिवसभर डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसणारा माणूस मी. आज मान वर करून बोलायचंय, अन् ते लय जड जायलंय. मधीच थांबलो तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी मोठी माणसं बोलली. बुवांच्या गझला, रेडिओवरचं नाव, हैदराबादेतले जलसे, सगळं सांगून झालं. खरंच हाय ते. मी मात्र त्यांच्या पहिल्या गाण्यांचं सांगणार हाय, जी बाजारात कधी आलीच न्हाईत.

बुवा तवा बाविशीचे. निजामाचं राज्य होतं. रिकार्डी काढणारी एक कंपनी हैदराबादेत हॉटेलातल्या दोन खोल्यांत यंत्र मांडून बसली होती. आपल्या गावचा हा गडी खांद्यावर घोंगडी टाकून तिथं गेला अन् सहा गाणी गायला. मेंढरं कातरताना त्यांची आई म्हणायची ती गाणी. तीन रिकार्डी, दोन्ही अंगांना एकेक गाणं. अन् शेवटच्या गाण्याला त्यांनी आईलाच यंत्रापुढं उभं केलं, झील धरायला. झील म्हंजे काय हे बोरीत सांगायला नको, पण पाहुण्यांसाठी सांगतो. पुढचा ओळ म्हणतो, मागचा ती उचलून धरतो. लेक म्हणायचा, आई उचलायची.

कंपनीच्या साहेबानं ऐकलं अन् म्हणाला, "आवाज अव्वल है मियाँ, मगर ये बकरीवालों का गाना लेगा कौन? गझल गाओ."

झालं! कंपनीनं रिकार्डीचे साचे मोडले. नमुन्याच्या तीन रिकार्डी तेवढ्या बुवांच्या हातात दिल्या. बुवा गझल गायला लागले, अन् पुढचं तुमाला ठाऊक हाय. त्या तीन रिकार्डी त्यांनी तिघांला देऊन टाकल्या. एक वालूरच्या कापडवाल्या शेटजींला, एक राणीसावरगावच्या मास्तरांला, अन् आईचा आवाज असलेली तिसरी इथं बोरीला, आक्कांला.

मागच्या उन्हाळ्यात बुवा माझ्या दुकानात आले. घसा पार बसलेला. म्हणाले, "मारोती, माझी पहिली गाणी मला जमवून दे."

मी म्हणलं, "बुवा, तुमी नुसतं हो म्हणा, रेडिओवाले पळत येतील. पुन्हा गा की!"

"गळा कुठं राहिलाय आता? अन् अर्धे शब्द गेले रे. ते बी जमवीन एखाद्या वक्ती. आईला कुठून आणू?"

कळलं का, मंडळी? त्या माउलीला जाऊन किती वर्षं झाली. तिचा एक फोटो न्हाई. ह्या जगात तिचं उरलेलं काय, तर त्या तिसऱ्या रिकार्डीची दुसरी बाजू. तेवढंच.

मी निघालो. वालूरच्या शेटजींनी तर कमाल केली होती. गावात लग्न असलं की फोनो अन् बुवांची रिकार्ड मांडवात हजर! वाजवून वाजवून तिची पार चाळण झालेली. सुई चार शब्द म्हणायची अन् दोन गिळायची. पण शेटजींला सगळं तोंडपाठ. गिळलेले शब्द त्यांनी मला कागदावर लिहून दिले, वर चाल म्हणून दाखवली. बेसूर म्हणली, पण म्हणली. राणीसावरगावच्या मास्तरांनी पेटीत घडीच्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. न वाजवताच फुटली होती, दोन तुकडे! मी ते जोडले. प्रत्येक फेऱ्याला 'टक्' वाजतं, पण बुवा गातात.

मग बोरी. आक्कांच्या घरी फोनो न्हाई. रिकार्ड कुठं असावी? देव्हाऱ्यात! खंडोबाच्या टाकांमागं उभी. बुवांनी देताना सांगितलं होतं, ह्या अंगाला मी हाय, त्या अंगाला आई हाय. म्हणून आक्का एक दिवस ह्या अंगाला हळद-कुंकू लावायच्या, एक दिवस त्या अंगाला. इतकी वर्षं! काळी रिकार्ड लालभडक झाली होती. मी डोक्याला हात लावला. ओरडलोच, "आक्का, काय करून ठेवलंत हे! रिकार्ड हाय ती, देव न्हाई!"

आक्का म्हणाल्या, "आई हाय न्हवं तिच्यात?"

रिकार्ड घेऊन परभणीला आलो. रिठ्याचं पाणी अन् मऊ कुंचला घेऊन आठ दिवस एक बाजू धूत बसलो. रेघारेघांतनं कुंकू निघायलंय अन् निघायलंय. आठव्या दिवशी सुई ठेवली. अहो, काय सांगू! कोरी करकरीत! कधी सुईच लागली नव्हती तिला. वालूरची झिजली, सावरगावची फुटली, अन् ही कुंकवाखाली जशीच्या तशी. बाविशीचे बुवा माझ्या दुकानात उभे राहून गायले. मी एकटाच होतो. मी रडलो.

आता नीट ऐका. मी ह्याच्यासाठीच उभा राहिलोय.

दुसऱ्या बाजूला हात लावला अन् बुवांचं पत्र आलं. उद्या दुपारच्या गाडीनं येतोय, आक्कांला घेऊन. रिठ्यानं धुवायचं तर आठ दिवस पाहिजेत, अन् माझ्या हातात एक दिवस. जन्मभर मी घड्याळं कशानं साफ केली? स्पिरिटनं. बाटली हाताशीच होती. रिकार्ड लाखेची असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे लाखेच्या बांगड्या विकणारी बाई बी सांगेल. मला माहीत नव्हतं का? होतं! पण म्हणलं, जरासं, फडक्याच्या टोकावर. कुंकू झटक्यात निघालं. मला लय बरं वाटलं, म्हणून सगळीकडं फिरवलं. मग भिंगातनं बघितलं. रेघा नावाला उरल्या होत्या, आतली आवाजाची नक्षी विरघळून गेली होती. बोट फिरवलं तर गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. पाच गाणी ऐकली. बुवा मधीमधी हसायचे, शब्द पुटपुटायचे. मग सहावं लावलं. नुसती खरखर. बुवा भोंग्याला कान लावून बसले, शेवटपर्यंत हलले न्हाईत. सुई उचलली, तवा आक्कांनी मला विचारलं, "मारोतीभाऊ, माझ्या कुंकवानं गेली का माझी आई?"

अन् मी भिंग पुसत बसलो. मंडळी, मी गप बसलो. न्हाई म्हणायला किती वेळ लागतो? मी गप बसलो.

बुवांनी आक्कांचा हात धरला. म्हणाले, "असू दे आक्के. पाच तर मिळाली." जाताना उंबऱ्यात थांबले अन् म्हणाले, "मारोती, आज दुकानात स्पिरिटचा वास लय येतोय." बस, एवढंच. घड्याळाच्या दुकानात स्पिरिटचा वास रोजचाच असतो. पण ते थांबले होते. मी बोलावं म्हणून थांबले होते, असं मला आता वाटायलंय. पुढं रेडिओवाले यंत्र घेऊन आले, पाच गाणी उतरवून घेऊन गेले, माझी वाहवा झाली. मी ती बी घेतली. बुवा पुन्हा त्याबद्दल कधी बोलले न्हाईत, अन् आता बोलणार न्हाईत.

परवा तेराव्याला इथं जेवायला बसलो. आक्कांच्या सुनेनं सहज सांगितलं. त्या दिवसापासून आक्का देव्हाऱ्याला हात लावत न्हाईत. म्हणतात, माझ्या हाताला गुण न्हाई, माझ्या कुंकवानं माझी आई पुसली. मी तसाच ताटावरनं उठलो.

आक्का, इकडं बघा. खाली बघू नका, खाली बघायचं काम माझं हाय. तुमच्या कुंकवानं काही गेलं न्हाई. तुमच्या कुंकवानं राखलं. तुमच्या आईचा आवाज मी पुसला, माझ्या हातानं, माझ्या घाईनं. बुवांच्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं, हिंमत झाली न्हाई. आता त्यांच्या गावात, तुमा सगळ्यांपुढं सांगतो. माफी मागायला तोंड न्हाई मला. द्यायची का न्हाई, तुमचं तुमी ठरवा. पण आक्का, घरी गेल्यावर देवाला कुंकू लावा. एवढं माझं ऐका.

फोनो मी संगं आणलाय. चावी भरून ठेवलीय. दोन मिनिटं उभं राहायची आपली रीत हाय, आज जरा जास्त राहू. मी बिघडवलेली बाजू आधी लावतो. तीन मिनिटं नुसती खरखर होईल. तेवढा वेळ सगळ्यांनी उभं राहावं अन् कुणी बोलू नये. त्या खरखरीत एक आई लेकाची ओळ उचलायलीय, एवढं ध्यानात ठेवा.

मग मी रिकार्ड उलटी करीन. ती आक्कांनी राखलेली बाजू. ती लागली की खाली बसा, अन् बुवांचं गाणं ऐका.

बुवा, रामराम घ्या. चला मंडळी, उभे राहा. आक्का, तुमी बसूनच राहा.