टँकर खाली

सृष्टी : ...आणि फोनची बॅटरी संपली तर काय, हे ड्रायव्हरांपैकी सगळ्यात आधी इंद्रजितने विचारलं. मी म्हटलं, म्हणूनच तर टँकरच्या दारावर कोड चिकटवलाय. ड्रायव्हर बेशुद्ध असला, त्याचा फोन फुटला, तरी रस्त्यावरच्या कुणीही आपल्या फोनवर कोड स्कॅन करायचा. आत काय भरलंय, गळलं तर काय करायचं, सगळं समोर येतं.

अबोली : इंद्रजित तुझ्याशी बोलतो?

सृष्टी : खूप. का ग, ताई?

अबोली : काही नाही. माझ्याशी बोलायला त्याला वर्ष लागलं होतं.

सुनेत्रा : हिला बोलता येतं, म्हणून बोलत असेल. तू तरी कामाशिवाय तोंड उघडतेस का, अबू? सृष्टी, घे ना अजून एक चकली. रविवारची सुट्टी सोडून करोल बागेतून आर. के. पुरमपर्यंत आलीस, बाळाला बघायला.

सृष्टी : काकू, पोट फुटेल आता. बाळाला द्या इकडे, तुमचे हात अवघडले असतील.

अबोली : ती नवीन माणसाकडे जात नाही.

सुनेत्रा : गेली की.

सृष्टी : बघ ताई, हसली.

अबोली : गॅस असेल.

सुनेत्रा : अच्छा, आता हसण्यातही गॅस.

अबोली : म्हणजे उद्यापासून आपली सूचनांची पिवळी कार्डं बंद?

सृष्टी : बंद. मानेसरच्या यार्डातून निघणाऱ्या एकाही टँकरमध्ये कागद नसेल. सगळं फोनवर. निखिल सर म्हणाले, एवढ्या वर्षांची अडगळ गेली एकदाची.

अबोली : अडगळ.

सृष्टी : त्यांना तसं नव्हतं म्हणायचं ग.

अबोली : ती अडगळ मी लिहायचे. छापून आली की त्या नीमखाली बसून एकेका ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखवायचे.

सृष्टी : कडुनिंबाखाली.

अबोली : तेच ते. तुझं मराठी चांगलं आहे यार, माहितीये मला. तू महाराष्ट्रातली, आम्ही इथे दिल्लीत वाढलेले. बरं, संकटात फोन करायला नंबर असतो, तो आता कुणाचा?

सृष्टी : माझा. बदलावा लागला. तू बाळंतपणाच्या रजेवर, त्यात ड्रायव्हरचे फोन कधीही येतात. बाळ दचकून उठलं असतं.

अबोली : वाजायचा तेव्हा चिडायचे मी त्या फोनवर.

सृष्टी : मग बरंच झालं की.

अबोली : हो. बरंच झालं.

सृष्टी : सरांनी आणखी एक निरोप दिलाय. रजा वाढवून हवी असेल तर संकोच करू नकोस म्हणाले. ऑफिसला घाई नाही.

सुनेत्रा : चलो, चांगलंच आहे. पोरीला आईचा सहवास मिळेल.

अबोली : आई, जरा थांब. घाई कुणाला नाही, ते कळलं मला. सृष्टी, फोन दाखव तुझा.

सृष्टी : हा बघ, मिथेनॉलचा टँकर. वर नाव, मग आगीचं चित्र, मग हिंदीत सूचना. हिंदी सगळी मी लिहिली. स्क्रीन एवढीशी, त्यामुळे शब्द कापून कापून बसवावे लागले.

अबोली : छान झालंय.

सृष्टी : खरंच? तू म्हणालीस म्हणजे मी सुटले. मला सगळ्यात भीती तुझीच होती. ए, चुळबुळ करतेय बघ ही. बाल्कनीत नेऊन कबुतरं दाखवते तिला.

(सृष्टी बाळाला घेऊन बाहेर जाते. काचेतून तिची पाठ दिसते आणि खांद्यावर टेकलेलं इवलंसं डोकं. सकाळपासून किरकिरणारी पोर परक्या खांद्यावर अगदी शहाण्यासारखी पडून आहे. अबोली बघत राहते. तिच्या ओढणीवर दुधाचा डाग सुकलेला आहे. तो ती नखाने खरवडते.)

सुनेत्रा : काय सापडलं?

अबोली : कुठे काय?

सुनेत्रा : शाळेत दुसऱ्याच्या वहीत चूक दिसली की असंच 'छान' म्हणायचीस तू.

अबोली : गळती थांबवायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, तिथे तिने लिहिलंय, 'वाल्व, टैंकर खाली'.

सुनेत्रा : मग? टँकरच्या खाली असेल.

अबोली : मराठीत. आई, जन्म गेला तुझा दिल्लीत.

सुनेत्रा : अगोबाई. खाली म्हणजे रिकामा.

अबोली : टँकर उलटला, कुणी धावत आलं, कोड स्कॅन केला. काय वाचेल? टँकर खाली आहे. मग कशाला घाबरायचं? बिडी पेटवून जवळ जाईल.

सुनेत्रा : आणि तुमच्या सरांना दिसलं नाही हे?

अबोली : ते दादरचे. त्यांनीही मराठीतच वाचलं असणार.

सुनेत्रा : मग बोलाव तिला, सांग.

अबोली : उद्या यार्डात सांगतील की ड्रायव्हर. हसतील सगळे, सरांच्या समोर. मग आठवेल त्यांना, ही कामं कोण करायचं ते.

सुनेत्रा : आणि कुणी वाचलंच नाही, टँकर तसाच निघाला तर? तो इंद्रजितही उद्याच निघणार असेल ना?

अबोली : ती माझ्या खुर्चीत बसते, आई. माझे फोन तिला येतात. माझे ड्रायव्हर तिच्याशी बोलतात. तू तिला चकल्या देतेस. आणि ही बघ. माझ्याकडे आली की रडते, आणि तिच्याकडे कशी गप्प आहे.

सुनेत्रा : तुझ्याकडे रडता येतं तिला. परक्यांकडे कोण रडतं? तूसुद्धा कॉलेजातून घरी येऊन माझ्याकडेच रडायचीस.

अबोली : ...सृष्टी, आत ये जरा.

सृष्टी : काय ग?

अबोली : मेट्रोतून उतरल्यावर ऑटोवाल्याला काय विचारलंस?

सृष्टी : काय विचारणार? 'भैया, खाली है क्या?'

अबोली : आता व्हॉल्व्हची सूचना वाच. मोठ्याने.

सृष्टी : 'वाल्व, टैंकर खाली.' बरोबर आहे, टँकरच्या... आई ग.

अबोली : 'टैंकर के नीचे' कर. जागा नसेल तर चित्र लहान कर, शब्द कापू नकोस. आणि रिकाम्या टँकरमध्येही वाफ असते. तीही पेटते. रिकाम्याला कुणी घाबरत नाही, तोच घोळ असतो.

सृष्टी : इतके दिवस रोज बघतेय मी हे. रोज. ताई, मघाशी 'छान' म्हणालीस, तेव्हा दिसलं होतं तुला?

अबोली : दिसलं होतं.

सृष्टी : बरं.

सुनेत्रा : मी चहा टाकते.

सृष्टी : इंद्रजित माझ्याशी काय बोलतो, सांगू? 'अबोली मैडम ऐसे समझाती थीं.' 'अबोली मैडम कब आएँगी?' तेवढंच बोलतो. बाकीचेही तेच. मला आता तुझं नाव ऐकलं की डोकं दुखतं.

अबोली : खरं?

सृष्टी : इथे यायचं नव्हतंच मला आज. सरांनी धाडलं.

अबोली : उद्या टँकर कधी निघतायत?

सृष्टी : सकाळी. हजेरी झाली की.

अबोली : निघायच्या आधी सगळ्यांना थांबव. मी येते. एकेक सूचना मोठ्याने वाचून होऊ दे. वाचायचं तू. मी नुसती ऐकेन.

सृष्टी : त्याच नीमखाली?

अबोली : त्याच. आई, तू आहेस ना घरी हिच्यापाशी?

सुनेत्रा : आहे ग. बिल्कुल जा.

सृष्टी : ताई, हळू बोल. झोपली बघ ही. खाली ठेवू?

अबोली : नको. माझ्याकडे दे.