तळ्याचं गाणं

सुगी संपली की आमच्या कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या गावात चर्चच्या तळघरात टर्कीचं जेवण असतं, आणि जेवणानंतर गाणं. यंदा जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे गायिका कॉर्लिस आणि तिचा फिडलवाला डॉयल उभे होते.

"म्हणजे आजचं गाणं शेवटचं?"

"शेवटचं. बावीस वर्षं गावोगाव गाडी हाकली, नऊ अल्बम काढले. ऐकतं कोण रे?"

"मी ऐकतो की."

"तू वाजवतोस, डॉयल."

बटाटे वाढणाऱ्या व्हर्नाबाईंचा डाव थांबला.

"गाणारी तूच ना गं? मग ते गोठलेल्या तळ्याचं म्हण हं. आम्ही प्रत्येक मयतीला तेच म्हणतो. माझ्या नवऱ्याला, ऑर्विलला, त्याच गाण्यानं पोचवलं."

"कुणाचं आहे ते?" कॉर्लिसनं विचारलं.

"कुणाचं म्हणजे? जुनं भजन आहे. माझी सासू म्हणायची."

"अहो बाई, ते तर हिनंच लिहि—"

"डॉयल, तू रस्सा घे. कसं म्हणायच्या हो तुमच्या सासूबाई?"

"शेवटी 'पैलतीरी मी एकटी' म्हणायचं नाही. बाहेरचे तिथंच चुकतात. 'पैलतीरी कुणी दिवा धरील' म्हणायचं. आमच्यात एकटं कुणी जात नाही."

"परत म्हणा ना. मला येत नाही ते."

बाईंनी डाव हातात धरूनच ओळ म्हटली. मागची रांगही गाऊ लागली, मीही.

"डॉयल, पुढच्या शनिवारी कुठलं गाव बोलावत होतं?"

"तू नाही म्हणालीस त्यांना."

"फोन लाव. त्यांनाही ही ओळ सांगायला हवी."