तराईचे अठ्ठावीस दिवस

(रायपूर, ब्राह्मणपारा. निवृत्त फोरमन यशवंतराव पलंगावर पडून आहेत. पत्नी शारदाबाई चहा घेऊन आल्या आहेत. दाराजवळ नीलकंठ, कारखान्यातला त्यांचा जुना हेल्पर.)

यशवंतराव : ...चार इस्क्रू, दोन सळया अन् मधात एक डबी. एवढ्यालेच तो डॉक्टर 'फ्यूजन' म्हणते. तीस वर्षं सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंड खाल्लं मी, अन् हे कालचं पोट्टं मले लोखंड शिकवून राहिलं.

शारदाबाई : शिकवत नव्हता, समजावून सांगत होता. नीलकंठभाऊ, उभे काहून? बसा ना.

नीलकंठ : खुर्ची खोल आहे, वैनी. बसलो का उठता येत नाही. उभाच बरा.

यशवंतराव : याचे नखरे जुनेच आहेत. शारदा, गिलास ठेव इथं. त्या कागदावर ठेव.

शारदाबाई : डॉक्टरचा कागद आहे तो.

यशवंतराव : मग काय हळद-कुंकू वाहू त्याले? हं, नीलकंठ, ऐक. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. कंबरेतली गादी घासून गेली. गोल बाजारापर्यंत चाललो का पाय सुन्न पडते. डॉक्टर म्हणते, चौथा-पाचवा मणका जोडून टाकू. तुझं झालतं तेच.

नीलकंठ : हव. आठ वर्षं झाली.

यशवंतराव : अन् म्हणते, सहा महिने कारखान्याचं नाव घ्यायचं नाही. मी हसलो त्याच्या तोंडावर. पुढच्या महिन्यात मिलचं शटडाउन आहे, दुरुस्तीवर नजर ठेवाले मले बोलावलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा बोलावलं कोणी. मी हो म्हणून बसलो. इस्क्रू कसला का जोड टाइट. सहा महिने काय त्याची आरती करायची?

नीलकंठ : इस्क्रू नुसता धरून ठेवते, साहेब. जोडते ते हाड. त्या डबीत हाडाचा चुरा भरते, तो वाढत वाढत दोन्ही मणक्यांत मुरला का जोड पक्का. तोवर सगळा भार लोखंडावर. वाकलं का सळईवर ताण, उठलं का ढील. तार अशी रोज वाकवली तर काय होते, तुमाले माहीतच आहे.

यशवंतराव : घ्या. हेल्पर सर्जन झाला.

शारदाबाई : बरोबर सांगून राहिले ते.

यशवंतराव : तू मधात नको बोलू. अरे, तू दीड महिन्यात ड्युटीवर आलता का नाही? मी सांगितलं डॉक्टरले, आमच्या नीलकंठच्या अंगात काडीचा दम नाही, तरी दीड महिन्यात हजर. आता तू चाल अन् त्याच्यासमोर सांग. त्यासाठीच बोलावलं तुले.

नीलकंठ : मी आलो नव्हतो, साहेब. तुम्ही गाडी पाठवली होती.

यशवंतराव : नवी मिल बसत होती तेव्हा. माणसं कमी होती.

नीलकंठ : हव. मी डॉक्टरची चिठ्ठी दिली. तुम्ही म्हणाले, कामचोराले चिठ्ठी लवकर भेटते.

यशवंतराव : मग हलकंच काम दिलं ना तुले?

नीलकंठ : पाचव्या महिन्यात खालचा इस्क्रू तुटला, वैनी. हाड जुडलंच नव्हतं. दुसऱ्या ऑपरेशनात तीन मणके बांधले. ते आता हालत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचं वरच्यालेच वाकावं लागते. तोही घासून राहिला. बुटाची लेस बायको बांधते.

यशवंतराव : इस्क्रू हलका असन. नशीब एकेकाचं.

नीलकंठ : इस्क्रू चांगला होता. नव्या मिलचं फाउंडेशन आठवते का तुमाले?

यशवंतराव : काहून नाही आठवणार? आजवर केसाएवढी भेग नाही त्याले.

नीलकंठ : मालक रोज म्हणे, मशीन चढवा. तुम्ही त्यालेही भिडले. म्हणाले, सिमेंटले अठ्ठावीस दिवस लागते. रोज पाणी मारून तराई पुरी झाल्याशिवाय कोणी पाय ठेवला तर तंगडं तोडीन.

यशवंतराव : बरोबरच म्हणालो. कच्च्या सिमेंटवर भार टाकणारा गाढव.

नीलकंठ : त्या तराईचं पाणी मी मारत होतो, साहेब. सकाळी वीस बालट्या, संध्याकाळी वीस. वाकून भरायची, उचलायची, सिमेंटवर अंथरलेल्या पोत्यावर ओतायची. अठ्ठावीस दिवस. तेच हलकं काम.

शारदाबाई : अहो, खरं आहे का हे?

यशवंतराव : पाणी तर कोणीतरी मारायचंच होतं ना.

शारदाबाई : चिठ्ठीत काय लिहिलं होतं, भाऊ?

नीलकंठ : तीन महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. दोनच ओळी होत्या.

यशवंतराव : मी वाचली नव्हती ती.

नीलकंठ : माहीत आहे. माझ्यासमोरच तुम्ही तिच्यावर चहाचा गिलास ठेवला होता. निघतो मी. डॉक्टरकडे न्यायचं असन तर येईन, पण सांगीन ते हेच.

यशवंतराव : थांब जरा. शारदा, कागदावरचा तो गिलास उचल.

शारदाबाई : डाग पडला त्याच्यावर.

यशवंतराव : पडू दे. अक्षर दिसते ना? वाच.