गडद रंग वर

"हॅलो?... हो ताई, बोल... हळू गं, हळू. ढब्बूचा आत्ता कुठे डोळा लागलाय... तुझा आवाज नाही जात तिच्यापर्यंत, माझा जातो. तू ओरडलीस की माझाही चढतो ना!"

तिने फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबला, शिलाई मशीनच्या चाकावर तळवा ठेवून ते थांबवलं आणि एका पायाने पाळणा हलवत राहिली. दुपारचे तीन वाजले होते. ढब्बू म्हणजे तिची सात महिन्यांची लेक. ती झोपली की या खोलीचा कारखाना व्हायचा आणि ती उठली की पुन्हा घर. कापलेलं कापड कारखान्यातून यायचं, ती त्याचे झेंडे शिवून द्यायची. या वेळी बारा होते. पहिला शिवून झाला तसा तो परवा ताई आपल्या शाळेसाठी घेऊन गेली होती. दहा घड्या घालून पिशवीत बसले होते, आणि बारावा आत्ता सुईखाली होता.

"काय केलं खारूने?... फाडलं? अख्खं भाषण?... अगं, तू लिहून दिलंस म्हणूनच फाडलं असेल... नाही, टोचून बोलत नाहीये. विषय काय होता?... 'मला माझ्या देशाचा अभिमान का वाटतो.' बरं... मग म्हणाली काय ती?... 'मी इथे जन्मले, यात माझा काय पराक्रम?'... हं... नाही गं, हसत नाहीये. खोकला आला."

खारू ही ताईची बारा वर्षांची मुलगी. पेन्सिलीची टोकं कुरतडायची म्हणून मावशीनेच ठेवलेलं नाव. आता पेन्सिली सुटल्या होत्या, पण कुरतडणं चालूच होतं.

"हो, कळलं... कळलं ना. उद्या साडेआठला खेळांचं उद्घाटन. दहा शाळांची मुलं... पाहुणे... हेडमास्तरांनी सगळं तुझ्यावर सोपवलंय... आधी झेंडा, मग भाषण. आणि भाषण बाईंच्याच मुलीचं, आणि बाईंचीच मुलगी म्हणते मी बोलणार नाही. मग दुसऱ्या कुणाला दे की... छापलंय? पत्रिकेत नाव छापलंय? मग कठीण आहे... दोन दिवस बोलत नाही आहात? एका घरात? मग निरोप कोण सांगतं, भावजी?... बिचारे."

"अगं, ऐक ना. मी काय समजावू तिला?... मी झेंडे शिवते म्हणून?... ताई, मी उशांचे अभ्रेही शिवायचे आधी. म्हणून उशीबद्दल काही वाटायचं नाही मला... चिडू नकोस. विचारलंस म्हणून सांगते. नाही वाटत. चार वर्षं शिवतेय. कापड हातात आलं की मला पट्ट्यांचा जोड दिसतो. जोड सरळ आला की बरं वाटतं, तिरका गेला की उसवते. बस... आता मी बनवून सांगू का? छाती भरून येते वगैरे? भरून येते ती दूध पाजायची वेळ झाली की."

पलीकडून आलेलं बोलणं जरा लांबलं. तिने फोन कानापासून बोटभर दूर धरला आणि तेवढ्यात झेंड्याची कड सुईखाली नीट सरकवली.

"ऐकतेय गं... हो, पाहिला ना फोटो. त्या पोरांनी चौकात शेजारच्या देशाचा झेंडा जाळला तो. सगळा पेपर भरून... मला काय वाटलं? खरं सांगू? कोपरा जळत होता ना, त्यावर दुहेरी शिवण होती. म्हटलं, कुणीतरी जीव लावून शिवला होता... दगड? बरं, दगड. दगडाला फोन कशाला केलास मग?... दे. दे तिला. पण तू बाहेर जा. तू तिथे उभी राहिलीस तर ती तुझ्याकडे बघत बोलेल."

पाळण्यात कूस बदलली गेली. तिने श्वास रोखला. एक मूठ वर आली, हवेत उघडली आणि पुन्हा खाली गेली.

"हॅलो, खारूबाई... काय गं, फाडण्याआधी वाचलंस तरी का?... 'उज्ज्वल परंपरा' तीनदा? मग बरोबर फाडलंस. पण हे आईला सांगू नकोस मी म्हटलं म्हणून... हं... हं... बोल, मी ऐकतेय... बरोबर आहे. डोंगर तू रचले नाहीस, नद्या तू सोडल्या नाहीस. पळणाऱ्याने बक्षीस आणलं ते त्याच्या पायांनी आणलं... हो, मग टाळ्या त्याच्या... अगं, मी कुठे भांडतेय तुझ्याशी? मलाही असंच वाटतं... ते तुझ्या आईला वाटतं की मी तुला पटवीन."

"मी एक सांगू? पटवत नाहीये, नुसतं सांगतेय. ढब्बूच्या आधी मी कारखान्यात जायचे ना, तेव्हा कापड कापायचं मशीन बिघडलं होतं. परदेशातून मेकॅनिक आला. उंच, घामाघूम. फाटकाशी टॅक्सीतून उतरला, आणि टॅक्सीवाला त्याची हत्यारांची पेटी घेऊन पसार!... हो ना, डिकीत पेटी, आणि गाडी गेली. आम्ही वीस-पंचवीस बायका फाटकात उभ्या. तर तो आमच्याकडे बघून हसला आणि 'असू दे' म्हणाला. आपल्या भाषेत. तेवढंच शिकून आला असेल बिचारा... खारू, माझे कान तापले. असे तापले की मान वर होईना. मी काय पेटी नेली होती? तो टॅक्सीवाला काय माझा मामा होता?... तेच ना! तू म्हणतेस अभिमान माझा कसा, मी तर काही केलं नाही. मग लाज माझी कशी झाली?... नाही, उत्तर माहीत असतं तर सांगितलं असतं. मी शिवणकामवाली आहे."

"पुढे?... पुढे काय, आम्ही पांगलो. कुणी सायकलच्या दुकानातून पाने मागून आणले, कुणी नवऱ्याचा पेचकस आणला. एकीने तर अडकित्ता आणला, कशाला ते तिलाच माहीत. त्याने त्यावर मशीन चालू केलं, आणि केलं तेव्हा आमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मग बरं वाटलं... तो अभिमान का? कोण जाणे. मान वर झाली एवढं खरं... हं? काहीतरी केलं म्हणून? असेल. पण लाज तर काही न करता वाटली होती, तिचं काय करशील?... बघ, तुझंही गणित सुटत नाही. कुरतड आता."

ती स्वतःशीच हसली. ही मुलगी बोलायला लागली की तिला दुपार कमी पडायची. मोठ्यांशी बोलताना सगळं माहीत असल्यासारखं बोलावं लागतं. खारूशी तसं नव्हतं.

"काय?... वरची बाजू कुठली हे कसं कळतं? सोपं आहे. दोनच पट्टे, एक गडद, एक फिकट, आणि कापड दोन्हीकडून सारखं. खांबाकडच्या कडेला नेफा असतो, परकराच्या नाडीला असतो तसाच, पण जाड कापडाचा. त्यातून दोरी. दोरीच्या एका टोकाला लाकडाची एवढीशी खुंटी, दुसऱ्या टोकाला फास. खुंटी नेहमी वर. चढवणारा शिपाई काही रंग बघत बसत नाही, घडी असते ना ती. तो खुंटी चाचपतो आणि वर अडकवतो. म्हणून आपल्या झेंड्यात खुंटी गडद पट्ट्याकडे, आणि शेजारच्यांच्या झेंड्यात फिकट पट्ट्याकडे... हो, बाकी सगळं तेच! कापडाचं ठाणसुद्धा तेच. खुंटी इकडची तिकडे केली की देश बदलतो... हसू नकोस, आई ऐकेल. गेला महिनाभर मी त्यांचेच शिवत होते. साठ शिवले. एकीकडे भांडायचं आणि झेंडे मात्र आपल्याकडून शिवून घ्यायचे... थांब, हा बघ, हा माझ्या हातात आपला आहे. याची खुंटी..."

खुंटी फिकट पट्ट्याकडे होती.

तिने झेंडा फिरवून पाहिला. मग पिशवीतला एक काढला. मग दुसरा, तिसरा. साठ झेंडे शिवलेला हात एकसष्टाव्यालाही त्याच वाटेने गेला होता, आणि नंतरच्या अकरांनाही.

"...आहे गं, फोन चालू आहे. खारू, शहाण्यासारखं ऐक. परवा माझ्याकडून नेलेला झेंडा कुठे आहे? शाळेत दिला का आईने?... इस्त्रीला घरी आणलाय? देव पावला. घेऊन ये. पळ... आणलास? खुंटी कुठे आहे?... नीट बघ... फिकट. हं... आता आईला बोलव. ओरडून नको. नुसतं बोलव."

"ताई, बस आधी... बस म्हणते ना. तो झेंडा उद्या असाच चढवला असता तर उलटा गेला असता... नाही, उलटा म्हणजे नुसता उलटा नाही. शेजारच्यांचा... हो. दहा शाळांसमोर. पाहुण्यांसमोर... हो, ज्यांचा परवा चौकात जाळला त्यांचाच... ताई, रडू नकोस. उद्या झालेलं नाहीये अजून... माझीच चूक. माझीच... मुद्दाम? मी मुद्दाम करीन का?... काय म्हणालीस?"

ताई म्हणाली होती, तुला काही वाटतच नाही, म्हणून हे झालं.

तिने पाळण्याकडे पाहिलं. पाय कधीच थांबला होता, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"...बरं. म्हण तू. पण नंतर म्हण. आधी सुई-दोरा काढ... मी येऊ शकत नाही गं, परतायची शेवटची बस पाचची, आणि ही अंगाने कोमट आहे सकाळपासून. अर्ध्या तासाचं काम आहे, घरी होतं... रडताना दोरा ओवला जात नाहीये? मग खारूला दे. अगं, दे तिला! बाराची आहे, दोनची नाही. फोन स्पीकरवर टाक आणि तू फक्त झेंडा धर."

"खारू, नेफ्याची दोन्ही तोंडं दोरीला शिवून बंद केलीत, दिसतंय?... ते टाके उसव. ब्लेडने नको, सुईच्या टोकाने एकेक उचल, मग काप. कापडाला लागता कामा नये... हळू... आई काय म्हणते? आईला म्हणावं गप्प बस... निघाले? आता खुंटी धरून ओढ. फास आतून सरकत येईल... येतोय? ओढ, घाबरू नकोस... आली सगळी? हं, आता उलटं करायचं. गडद पट्ट्याकडच्या तोंडातून फास आत घाल. त्याला सेफ्टी पिन लाव आणि चिमटीने पुढे ढकल, नाडी घालतात तशी... अडकलं? जोडापाशी अडकणारच, तिथे चार पदर आहेत. मागे घे, पिन आडवी कर... गेलं? शाब्बास गं माझी बाई!"

पलीकडून ऐकू येत होतं ते एवढंच: कापडाची खसखस, पिनेचा बारीक आवाज, आणि दोघींचे श्वास. दोन दिवस न बोललेल्या मायलेकी एका झेंड्याची दोन टोकं धरून बसलेल्या तिला न बघताही दिसत होत्या.

"आता खुंटी कुठे?... गडद. मोठ्याने सांग... हं. शिव आता. प्रत्येक तोंडाला आठ टाके, दोरीतून आरपार. शेवटचा टाका दोनदा मागे घे, मग गाठ... मोजते मी तुझ्याबरोबर. एक... दोन... बोटाला टोचलं? चोख आणि पुढे चल, कापडाला डाग नको... पाच... काय? माझे कान? हो, तापलेत... आता कुणामुळे काय, आता माझ्याचमुळे. हे तरी सरळ आहे... सात... आठ. गाठ मार. ओढून बघ. जोर लावून... बसली?"

पाळण्यातून 'ऊं' असा पहिला आवाज आला. तिने ढब्बूला उचलून मांडीवर घेतलं. लेकीचा गाल गरम नव्हता आता, नुसता झोपेने ओला होता.

"उठली गं ही... हो, तीच. तुला हाक मारतेय समज... काय विचारलंस? शेजारी तिकडे पण एखाद्या मुलीला भाषण असेल का? असेल की. तिलाही आईनेच लिहून दिलं असेल, 'उज्ज्वल परंपरा' तीनदा... आणि तुझ्या भाषणाचं? ते मी नाही सांगणार. अभिमान वाटेल का, ते मला माहीत नाही, वाटलाच पाहिजे असंही नाही. पण भाषण झेंड्यानंतर आहे ना?... मग झालं. झेंडा वर जाताना सगळे रंगांकडे बघतील. तू खुंटीखाली बघ, तुझ्या आठ टाक्यांकडे. वारा सुटला की ते धरून राहतात का बघ. तेव्हा तुला जे वाटेल ते बोल. आणि काहीच नाही वाटलं तर तसं बोल. आईचं मी बघते... दे तिला."

"ताई... हो. झालं ना आता?... जाऊ दे गं. रागाच्या भरात बोललीस... मला नाही लागलं. दगडाला काय लागतं?... आता रडतेस का परत? इस्त्री फिरवायचीय अजून. खुंटीवरून फिरवू नकोस, लाकूड डाग सोडतं... मला कुठली झोप, हे अकरा उसवायचेत, सकाळी माणूस येईल न्यायला... ठेवते. ही केस ओढतेय माझे."

"...आणि ऐक. उद्या झेंडा चढला की फोन कर... कार्यक्रम संपल्यावर नाही. लगेच. पाहुण्यांना सोडून बाजूला जा आणि कर... नाही गं, मला काही वाटतंय म्हणून नाही. शिलाई आहे माझी, म्हणून... हसतेस काय?... बरं, हस. पण लगेच कर."