सासूसुनेचा एकच कांदा

मंडळी, ऐका! आज उशीर झाला, फाट्यावर मी उजवीकडे वळलो — अर्धा तास गेला! हसा, हसा. त्याचा हिशेब शेवटी करू. आधी एक प्रश्न. ज्याचं नाव जास्त लोक घेतात, तो मोठा का? पेटीवाले, मान कशाला डोलावता? अजून उत्तर सांगितलं नाही मी!

आपल्याकडे नाव घेतात देवाचं. पण विद्वानांचंही एक नामस्मरण असतं बरं का! एकाने शोधनिबंध लिहिला की दुसरा आपल्या निबंधात त्याचा उल्लेख करतो — साइटेशन म्हणतात त्याला. जितके उल्लेख, तितका माणूस थोर!

तर असे एक थोर माणूस होते. डॉक्टर वामन तेरेदेसाई. सुई टोचणारे नव्हेत — वनस्पतींचे डॉक्टर! शहाण्णव निबंध! पण पंच्याण्णव राहिले कपाटात. गाजला एकच. कातळसड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकाळ पठारावर, त्यांना नुसत्या पानाची एक वनस्पती सापडली — कधीच न फुलणारी! फक्त जमिनीतल्या कांद्यातून वाढते म्हणे. अहो, जगभर चर्चा! सहाशे अकरा उल्लेख! आणि पद्धत अशी, की नव्या वनस्पतीच्या नावामागे शोधणाऱ्याचं नाव लागतं. म्हणजे पानामागे कायमचे तेरेदेसाई!

ती दाखवली कोणी? सड्याखालच्या वाडीतल्या शेवंती गावडे यांनी. गुरं राखणारी बाई. वैशाखात सड्यावर नुसतीच फुलं येतात, पान नाही. ते फूल पुस्तकात शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेलं. श्रावणात येतं नुसतं पान, फूल नाही. शेवंतीबाईंनी बोट दाखवून सांगितलं, “ती सासू, ही सून.” डॉक्टरांनी वहीत लिहिलं — दोन वनस्पती! झालं! श्रावणातली सून झाली नवीन!

बावीस वर्षं गेली. वनस्पती संशोधन केंद्राचं संचालकपद निघालं. डॉक्टरांचं आयुष्यभराचं स्वप्न! आठ दिवसांवर मुलाखत, आणि समितीला हवा होता त्या प्रसिद्ध पानाचा ताजा फोटो. आषाढ होता. डॉक्टर सड्यावर गेले, तर पान नाही, फूल नाही! शेवंतीबाई मात्र होत्या. आता पार म्हाताऱ्या.

“शेवंतीबाई, माझी सून कुठे गेली?”

“येतली मां! सासू आत्ताच गेली.”

“सासूचं कशाला? ती वेगळी वनस्पती.”

“येगळी? अरे सायबा, तेव्हाच तुका सांगितलंय मां! सासू-सून म्हणजे घर एकच! फकत एकमेकींचा तोंड बघनत नाय! खणान बघ!”

डॉक्टरांनी खणलं. एक कांदा. त्याला एका बाजूला वाळलेला फुलाचा दांडा — आणि दुसऱ्या बाजूला पानाचा हिरवा कोंब!

हसताय? डॉक्टरांना हसू आलं नाही हो. तिथेच कातळावर बसले. सहाशे अकरा लोक त्यांचं नाव घेत होते — एका चुकीपायी! सांगितलं, तर पानामागचं नाव जाणार, पद जाणार. नाही सांगितलं, तर कोणाला कळतंय? खड्ड्यात माती लोटली की झालं! तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. मी? मी माती लोटली असती.

डॉक्टरांनी फोटो काढला. त्या कांद्याचाच!

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, “आपला सर्वांत मोठा शोध?”

डॉक्टरांनी फोटो पुढे ठेवला. “तो चुकला. वनस्पती एकच आहे.”

पद दुसऱ्याला गेलं. वाईट वाटलं? वाटलंच! दोन दिवस जेवण गेलं नाही त्यांना. तिसऱ्या दिवशी उठून एका पानाचा निबंध लिहिला — सत्त्याण्णवावा. छापून आला, तेव्हा थेट वाडीत गेले आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. ‘ही वनस्पती एकच आहे, हे शेवंती गावडे यांनी मला बावीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नाही.’

“माझा नाव? खंय आसा?”

डॉक्टरांनी म्हातारीचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं.

“माका वाचूक येना नाय. परत वाच.”

तीनदा वाचायला लावलं! आणि मंडळी, सहाशे अकरा वेळा जो आनंद झाला नव्हता, तो डॉक्टरांना त्या तीन वेळांत झाला.

सापडलं उत्तर? आपलं नाव किती जणांनी घेतलं, ते सोडा. आपल्याकडून कोणाचं घ्यायचं राहिलंय? घराघरात कोणीतरी खरं सांगून गप्प बसलेलं आहे. सासूबाई, सुनेकडे बघू नका — आधी आत बघा!

आता देवाचं नाव घेऊ. पण थांबा, टाळ खाली ठेवा. जो बरोबर होता आणि आपण ज्याचं ऐकलं नाही, त्याचं नाव आधी मनात घ्या.

घेतलं? मीही घेतलं — माझ्या बायकोचं. निघताना दोनदा म्हणाली होती, “फाट्यावर डावीकडे वळा.”

हं, वाजवा आता टाळ!