गिरणीवाल्याचं हसू

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या पुढं, भीमाशंकरच्या वाटंवर, आन् लगीन होऊन आले ती हितं ओतूरला, गिरणीवाल्याच्या घरात. पुढं पिठाची गिरणी, मागं आमी, मधी एक भिंत. सकाळपासनं भुई थरथरायची, म्हनून आमी समदे वरडूनच बोलायचो. भांडून न्हाई हां, आमचं साधं बोलनंच तसं. आन् आमचे मालक, म्हंजी माझा नवरा, लई हसरा मानूस. काय सांगू तुमाला, दळण झालं तरी बाया डबा घेऊन उभ्या ऱ्हायच्या यांचं ऐकत.

त्येंला नाद एकच, टीव्हीवरला हसवायचा कार्यक्रम. आठवड्यातनं एकदा लागायचा, छोटी छोटी नाटकं असायची. तवा आमच्याकडं काळापांढरा टीव्ही व्हता, आन् त्या कार्यक्रमात तरी काय व्हतं, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन मानसं. एक पोस्टातला कारकून आन् एक म्हातारा, आन् त्यो म्हातारा सोताच्याच पत्त्यावर पत्र टाकाय आलाय, का, तर पोस्टमननं दारात येऊन त्याचं नाव घ्यावं म्हनून. एवढंच. पन ते असं करायचे की हसता हसता पोटात कायतरी तुटायचं. मालकांनी ते नाटुकलं पाठच केलं व्हतं. पट्टा फिरतोय, हे पिठानं पांढरे झालेले, म्हातारा बी हेच आन् कारकून बी हेच.

मग वर्सं गेली, केबल आली, रंगीत टीव्ही आला, आन् कार्यक्रमातली जुनी मानसं एकेक करून गेली. नवी आली त्यांनी काय केलं, बाप्यांनी साड्या नेसल्या, एकमेकाच्या डोक्यात उशा हानल्या, खेड्यातला मानूस आला की त्यो येडाच, आन् दर वाक्याला मागनं हसायचा आवाज, म्हंजी आमी हसायच्या आधी तेच हसून मोकळे. मालक तोंड पाडून बसायचे. म्हनायचे, कार्यक्रम गेला, पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई. मी म्हनायची, खरं हाय. आन् खरंच व्हतं ते. तितंच मी फसले बघा. खोटं असतं तर मला कळलं असतं.

आमाला एकच लेक, सुरेखा, तवा कॉलेजात जायची. तिला अधनंमधनं हसू यायचं, समदंच काय वाईट नसायचं. ती हसली की हे तिच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. एकदा उठले, टीव्ही बंद केला आन् म्हनले, तुमी दोघी मला हसताय. पोर रडाय लागली. त्या दिसापासनं आमच्या घरात कुनी हसंना. गिरणीत बी बोलनं कमी झालं, गिरणीवाला घुमा झाला असं लोक म्हनाय लागले. मी म्हनायची, वय झालं, ऱ्हाऊ द्या.

मग एका रविवारी दुपारी त्या कार्यक्रमातली जुनी नाटकं परत दावली, आन् त्यात ते पोस्टाचं लागलं. मालक पुढं सरकून बसले आन् हसाय लागले. मला लई बरं वाटलं, किती वर्सांनी हसत व्हते. पन जरा वेळानं ध्यानात आलं की हे आधीच हसत्यात. यांचे ओठ हलतात, हे हसतात, मग टीव्हीतला म्हातारा बोलतो. रिमोट माझ्या मांडीवर व्हता. मी आवाज कमी केला, अजून कमी केला, पार बंद केला. सुरेखा माझ्याकडं बघाय लागली. हे हसतच ऱ्हायले.

पुण्याला नेलं. डॉक्टरीण म्हनली, गिरणीच्या आवाजानं कानाच्या नसा गेल्या, हे एका दिसाचं न्हाई, दहाबारा वर्सांचं हाय, आधी आनलं असतं तर ऱ्हायलेलं जपता आलं असतं. मग इचारलं, घरात कुनालाच कळलं कसं न्हाई? आता काय सांगू तिला? आमी वरडूनच बोलत व्हतो, आन् कार्यक्रम बिघडला व्हता, असं सांगू? येताना यष्टीत मी त्येंच्या कानाशी वरडून इचारलं, तुमाला ठावं व्हतं का, समदी यष्टी वळून बघाय लागली. ते खिडकीभाईर बघत म्हनले, मला वाटलं टीव्हीवालेच हळू बोलाय लागले.

गिरणी आता दुसऱ्याला चालवाय दिलीय. कानात मशीन हाय, पन त्यात निम्मं कळतं, निम्मी नुसती शिट्टी. कार्यक्रम चालूच हाय अजून. हे टीव्हीकडं कमी आन् माझ्या तोंडाकडं जास्त बघत्यात. सुरवातीला मी त्येंना बरं वाटावं म्हनून हसायची, उशा हानल्या तरी हसायची. एकदा त्येंनी माझा हात धरला आन् म्हनले, खोटं हसू नगं. वाईट असलं तर वाईट म्हन, मला तेवढं तरी खरं कळू दे.

तवापासनं मी नीट बघते, परीक्षेला बसल्यावानी. फालतू असलं की हात हलवते. मागल्या आठवड्यात मला एकदाच हसू आलं, खरं हसू. ते म्हनले, काय झालं, काय म्हनला त्यो? मी कानाशी तोंड नेऊन सांगाय लागले, सांगता सांगता निम्मं इसरले, उरलेलं उलटंपालटं सांगितलं. तरी ते हसले. कळून हसले का माझ्याकरता हसले, ते मी काय इचारलं न्हाई.